कोच टीम बदलत का नाही? कॅरमबोर्डावर समजावलेलं फुटबॉल

४ जानेवारी २०२६, रविवार, सकाळचे साडेनऊ. इंदूरच्या लोकमान्य नगरला काकांकडे पोहे खायला गेलो होतो, पोह्यांवर टाकायच्या मसाल्याची, म्हणजे जिरावणाची डबी हातात घेतली तेवढ्यात काका म्हणाले, "अरे, तुमचा तो कोच वेडाय का?"

तुमचा म्हणजे मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा, रुबेन अमोरिम. काका तसे क्रिकेटवाले. मुश्ताक अलींना बघितल्याचं अजून सांगतात, होळकर टीम चार वेळा रणजी जिंकली हे दर दिवाळीत ऐकवतात. पण नातवाने लाल जर्सी घातल्यापासून रात्री दीड-दीड वाजेपर्यंत फुटबॉल बघतात आणि सकाळी मला धारेवर धरतात. त्यांचं म्हणणं एकदम सरळ, "तो कोबी मेनू नावाचा पोरगा एवढा चांगला, इंग्लंडकडून युरोची फायनल खेळलेला, आणि हा त्याला पूर्ण सीझन लीगमध्ये एकदाही सुरुवातीपासून खेळवत नाही. मागे तीन जण उभे करायचे म्हणतो, हरला तरी तीन, जिंकला तरी तीन. आमच्या वेळी असा कॅप्टन असता तर संध्याकाळच्या आत काढला असता."

आता हा प्रश्न काकांचा एकट्याचा नाहीये, कुठलीही टीम हरायला लागली की सगळे हेच दोन आरोप करतात, माणसं चुकीची निवडतो आणि बदलत नाही. आणि गंमत म्हणजे हे दोन वेगवेगळे आरोप आहेत आणि आपण ते एकाच वाक्यात बोलून मोकळे होतो. मी म्हणलं काका, कॅरमबोर्ड काढा, समजावतो.

बोर्ड येईपर्यंत एक गोष्ट क्लिअर करून टाकली, कारण क्रिकेटवाला माणूस इथेच गोंधळतो. क्रिकेटमध्ये कोच कितीही मोठा असला तरी मॅच कॅप्टन चालवतो. आपल्या चंद्रकांत पंडितांचंच घ्या, १९९९ ची रणजी फायनल मध्य प्रदेशचे कॅप्टन म्हणून ते बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर हरले, आणि २३ वर्षांनी त्याच मैदानावर कोच म्हणून मुंबईला हरवून जिंकले. कडक शिस्तीचा माणूस, पण बॉल कोणाच्या हातात द्यायचा आणि स्लिपमध्ये किती ठेवायचे हे शेवटी मैदानातला कॅप्टनच ठरवणार. दर ओव्हरनंतर विचार करायला वेळ मिळतो, लंच होतो, टी होतो, दिवस संपतो. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं खेळ थांबतच नाही, आणि कॅप्टन म्हणजे दंडाला पट्टी बांधून रेफ्रीशी भांडणारा माणूस, तो फार तर ओरडून दोघांना मागे बोलावेल. कोण खेळणार, कुठे उभा राहणार, कोण कधी बाहेर येणार हे सगळं लाइनच्या बाहेर उभ्या एका माणसाच्या डोक्यात. त्याच्याकडे बेंचवर नऊ जण आणि बदलायचे फक्त पाच, तेही खेळ तीनदाच थांबवून, हाफटाइम वेगळा. आणि एकदा बाहेर आला तो परत आत जाऊ शकत नाही. त्यामुळे एक बदल चुकला तर तो शेवटपर्यंत चुकलेलाच.

बोर्ड आला. पावडर टाकायची गरजच नव्हती, तोपर्यंत माझ्या प्लेटमधलं अर्धं जिरावण त्याच्यावर सांडलं होतं आणि काकू आतून बघत होत्या.

गोलकीपर सोडला तर एका बाजूला दहा खेळाडू, आणि सोंगट्या नऊ. काकांनी लगेच दहावा म्हणून कॅरमचा स्ट्रायकर पुढे ठेवला, म्हणे स्ट्रायकरच्या जागी स्ट्रायकर. मला हे आवडलं. काळ्यांसाठी काकूंच्या डब्यातलं कोटाचं बटण आणलं. राणी म्हणजे बॉल.

पांढऱ्या सोंगट्या अमोरिमच्या. मागे तीन, त्याच्या पुढे आडव्या रांगेत चार, त्याच्या पुढे दोन, आणि सगळ्यात पुढे स्ट्रायकर. हे झालं ३-४-२-१. मधल्या चारांपैकी दोन टोकाचे म्हणजे विंग-बॅक, यांच्यावर सगळ्यात जास्त अन्याय, कारण टीमकडे बॉल असताना यांनी विंगरसारखं, म्हणजे कडेने हल्ला करणाऱ्यासारखं, पुढे पळायचं आणि बॉल गेला की डिफेंडर व्हायला मागे पळायचं, मैदान १०५ मीटरचं आणि हे दिवसभर टोकापासून टोकापर्यंत. उरले मध्ये दोन. एवढ्या मोठ्या मैदानाच्या बरोब्बर मध्ये दोनच.

आता काळ्या सोंगट्या समोरच्या टीमच्या. आजकाल बऱ्याच टीम मध्ये तिघं ठेवतात. मी तीन काळ्या सोंगट्या मध्ये ठेवल्या आणि काकांना म्हणलं, तुमचे दोन पांढरे या तिघांना अडवणार कसे? काकांनी एक सोंगटी एकासमोर ठेवली, दुसरी दुसऱ्यासमोर, आणि तिसरा काळा मोकळा. राणी त्याच्याकडे सरकवली. त्याला अडवायला एक पांढरा गेला तर त्याने सोडलेला मोकळा. परत राणी तिकडे. काका दोन मिनिटं सोंगट्या सरकवत बसले आणि मग म्हणाले, "अरे हे तर पळून पळूनच मरतील."

तेच तर होतं. टीव्हीवर आपल्याला वाटतं की मधल्या दोघांतला कॅसेमिरो म्हातारा झाला, पळत नाही, कॅप्टन ब्रुनो हात हलवत बसतो. पण तो म्हातारा दिसतोय कारण दोन माणसांचं तिघांशी चाललंय. आणि गंमत बघा, हा कमी पडणारा माणूस गेला कुठे? मागे गेला. मागे तीन डिफेंडर आणि समोरच्याचा स्ट्रायकर बहुतेक वेळा एकच, म्हणजे मागे दोन जण रिकामे उभे आणि मध्ये एक कमी. काका रिटायर्ड बँकवाले, त्यांना हे लगेच कळलं, म्हणाले "म्हणजे कॅश सगळी तिजोरीत आणि काउंटरवर सुट्टे नाहीत."

यावर उपाय नाही का, आहे. पुढच्या दोघांपैकी एकाने खाली यायचं, किंवा मागच्या तिघांपैकी एकाने बिनधास्त पुढे येऊन त्या मोकळ्या माणसाला धरायचं. ही सिस्टिम चालते तेव्हा अशीच चालते. अमोरिमने पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगला याच पद्धतीने २०२१ मध्ये लीग जिंकवली, १९ वर्षांनी, आणि २०२४ मध्ये परत. म्हणजे तीन मागे ठेवणं ही काही मूर्खाची कल्पना नाहीये, चालणारी आणि चाललेली गोष्ट आहे, फक्त तिच्यात प्रत्येकाने आपलं काम सेकंदाच्या हिशोबाने करायला पाहिजे आणि त्या कामाचे पाय त्याच्याकडे असायला पाहिजेत.

पाय म्हणतोय ते शब्दशः. मी शाळेच्या टीममध्ये होतो, उजव्या पायाचा. आमच्या सरांकडे डाव्या पायाचा कोणी नव्हता म्हणून मला लेफ्ट-बॅक केलं. आता ऐकायला काय, दोन्ही बॅकच, इकडचा तिकडे. पण लाइनजवळ बॉल आला की डाव्या पायाचा मुलगा सरळ पहिल्या टचला पुढे मारतो, मी मात्र बॉल थांबवायचो, अंग आतल्या बाजूला वळवायचो, मग उजव्या पायावर घ्यायचो, मग वर बघायचो. एक सेकंद जास्त, फार तर दीड. महूच्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत हे ओळखलं आणि त्यांचा एक जण फक्त माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहायला लागला, बस्स. मी वळलो की बॉल त्याच्याकडे. चार गोल खाल्ले, त्यातले दोन माझ्या बाजूने, आणि सर हाफटाइमला मला म्हणाले तुझ्यात जिद्दच नाहीये. भिया, जिद्द होती, डावा पाय नव्हता!

म्हणून मला निवडीचा वाद होतो तेव्हा "कोण जास्त चांगला" या प्रश्नाचा कंटाळा येतो. प्रश्न आहे, त्या चौकटीत त्याला काम काय दिलंय. अमाद डियालो मस्त खेळाडू, विंगर, त्याला विंग-बॅक केला की अर्धा वेळ तो स्वतःच्या गोलकडे पळताना दिसतो. ब्रुनो फर्नांडिस गोलजवळ धोकादायक, शेवटचा पास देणारा, त्याला मध्ये त्या दोघांपैकी एक केला तर धोका गोलपासून लांब गेला. आणि मेनू? ब्रुनो त्या दोघांत आला की मेनूची जागाच गेली, कारण कॅप्टनला कोण बसवणार. म्हणजे मेनू वाईट म्हणून बाहेर नव्हता, चौकटीत त्याच्या कामाची खुर्चीच शिल्लक नव्हती. डिसेंबरमध्ये त्याचा भाऊ "मेनूला सोडा" अशा अर्थाचा टी-शर्ट घालून ओल्ड ट्रॅफर्डला बसला होता, काकांनी तो फोटो मला चारदा पाठवला.

एक कबूल करायला पाहिजे, निवडीमागची सगळी कारणं आपल्याला दिसत नाहीत. आपण आठवड्यातले ९० मिनिटं बघतो, कोच बाकीचे सगळे दिवस बघतो. युनायटेडच्याच रॅशफर्डच्या बाबतीत अमोरिम जानेवारी २०२५ मध्ये म्हणाला होता की रोज जीव तोडून मेहनत न करणाऱ्यापेक्षा मी ६३ वर्षांच्या गोलकीपिंग कोचला बेंचवर बसवेन. तो राग ट्रेनिंगचा होता, मॅचचा नाही. रॅशफर्ड मग आधी अ‍ॅस्टन व्हिलाला आणि नंतर बार्सिलोनाला लोनवर, म्हणजे उसना, गेला. बरोबर केलं का चूक, मला आजही ठरवता येत नाही, पण तिथे निदान कोच काय मोजतोय हे कळत होतं. मेनूच्या केसमध्ये तेही कळत नव्हतं, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

काका म्हणाले, "ठीक आहे, काम जमत नाहीये हे मला इथे पोह्याच्या प्लेटवरून दिसतंय, त्याला नाही दिसत? मग बदलत का नाही?"

हा दुसरा आरोप, आणि हा जास्त अवघड आहे.

बदलायचं म्हणजे काय काय बदलतं ते बघा. बोर्डावर सोंगटी सरकवायला अर्धा सेकंद लागतो. पण खेळाडूला मागे तिघांत खेळताना सवय झालेली असते की माझ्या उजवीकडे कोणीतरी आहे, म्हणून मी पुढे जाऊ शकतो. चौघांत तो माणूस लांब असतो. बॉल डावीकडे गेला की किती पावलं सरकायचं, कोणी ओरडायचं, कॉर्नर वाचवला की कोणी बाहेर पळायचं, ही सगळी पाठ झालेली गोष्ट विसरून नवी पाठ करायची, आणि दर तीन दिवसांनी मॅच असेल तर मधले दोन दिवस पाय मोकळे करण्यातच जातात. नवं शिकवणार कधी? शिवाय एक मनाची गोष्ट आहे. तुम्ही वर्षभर पोरांना सांगितलं की हाच रस्ता बरोबर, आणि तीन मॅच हरून, लोक ओरडले म्हणून, चौथ्या मॅचला दुसरा रस्ता धरलात तर ड्रेसिंग रूममध्ये पहिला विचार हा येतो की याला स्वतःलाच खात्री नाहीये. अमोरिम हे उघड बोलायचा. मँचेस्टर सिटीकडून ३-० हरल्यावर म्हणाला मी बदलणार नाही, हवं तर माणूस बदला. मग म्हणाला पोपने सांगितलं तरी बदलणार नाही. आणि डिसेंबरमध्ये पत्रकारांना त्याने जे सांगितलं ते मला फार इंटरेस्टिंग वाटलं, की तुम्ही सिस्टिमबद्दल बोलत राहता तोपर्यंत मी बदलू शकत नाही, कारण पोरांना वाटेल मी तुमच्यामुळे बदलतोय.

वाचून हसू येतं, पण खोटं नाहीये ते. घरी सुद्धा होतं ना, बायकोने सांगितलेलं पटलेलं असतं पण तिने सांगितलं म्हणूनच लगेच करता येत नाही. काकू आतून म्हणाल्या "ऐकू येतंय मला."

आता त्याच आठवड्यात काय झालं होतं बघा. २६ डिसेंबरला न्यूकासलविरुद्ध अमोरिमने शेवटी मागे चार ठेवले. त्यात अर्धी टीम नव्हती, ब्रुनो जखमी, मेनू जखमी, एंब्युमो आणि अमाद आफ्रिका कपला गेलेले. तरी १-० जिंकले. काकांनी रात्री साडेतीनला मला मेसेज टाकला, फक्त "४". आणि चारच दिवसांनी तळाला असलेल्या, तोपर्यंत लीगमध्ये एकही मॅच न जिंकलेल्या वुल्व्ह्जविरुद्ध, तेही घरच्या मैदानावर, परत मागे तीन. १-१. आता याला काय म्हणायचं? जो आयुष्यात कधीच बदलत नाही त्याच्यावर एक वेळ विश्वास ठेवता येतो. पण तुला बदलता येतं, तू बदलून जिंकलास, आणि मग परत जुन्याकडे गेलास तर खेळाडूला कळायला पाहिजे का. मी इतका वेळ त्याची वकिली करत होतो, इथे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बदलणारे कसे बदलतात ते. सप्टेंबर २०१६, चेल्सीचा कोच अँटोनियो कॉन्टे आर्सेनलकडून ३-० मार खात होता. दुसऱ्या हाफमध्ये त्याने मॅच जवळपास सोडून दिली आणि तिथल्या तिथे मागे तीन करून बघितले. होय काका, तीनच! तोच आकडा ज्याला तुम्ही शिव्या घालताय. पुढच्या मॅचपासून लागोपाठ १३ लीग मॅच जिंकल्या आणि ९३ पॉइंट करून लीग घेतली. आणि त्याने उजवीकडे विंग-बॅक कोणाला केलं, व्हिक्टर मोझेसला, ज्याला चेल्सीने तीन वर्षं इकडे तिकडे लोनवर फिरवला होता. पण मोझेसकडे विंग-बॅकचे पाय होते, पळायचा आणि परत यायचा. म्हणजे कॉन्टेने आकडा बदलला तो कागदावर सुंदर दिसतो म्हणून नाही, त्याच्याकडे जी माणसं होती त्यांना त्या आकड्यात काम मिळत होतं म्हणून. शिवाय आदल्या वर्षी चेल्सी दहावी आल्यामुळे त्या सीझनला युरोपातल्या स्पर्धांच्या मॅच नव्हत्या, शिकवायला पूर्ण आठवडा मिळायचा.

काकांनी इथे मला पकडलं. "युनायटेड गेल्या वर्षी कितवी?"

पंधरावी. ४२ पॉइंट.

"मग यालाही युरोप नव्हतं. यालाही पूर्ण आठवडा होता."

बरोबर आहे. बँकेत ऑडिट करायचे ते उगीच नाही.

चेल्सीचीच अजून एक गोष्ट, मला सगळ्यात आवडणारी. २०११ मध्ये आंद्रे विलास-बोआस कोच म्हणून आला, वय फक्त ३३, टीममधले काही जण त्याच्याच वयाचे. त्याला डिफेन्सची लाइन वर पाहिजे होती. लाइन वर म्हणजे, मागचे चार स्वतःच्या गोलजवळ न थांबता जवळजवळ मधल्या रेषेपर्यंत येऊन उभे राहतात, त्यामुळे समोरच्याला खेळायला जागाच उरत नाही, आणि तो पुढे पळाला तर ऑफसाइड. फायदा मोठा, पण पाठीमागे सगळं मैदान मोकळं, एक चांगला पास निघाला की तुमचा डिफेंडर आणि त्यांचा स्ट्रायकर यांची रेस. काकांना म्हणलं, राणी घेतली पण कव्हर नाही, तसं. आता त्या रेसमध्ये जॉन टेरी, ३० च्या वर, डोकं जगातलं एक नंबर आणि पाय कधीच वेगवान नव्हते. आर्सेनलने घरी येऊन ५-३ ने हरवलं, त्यात एका गोलला तर टेरी घसरूनच पडला आणि व्हॅन पर्सी मजेत बॉल घेऊन गेला. फेब्रुवारीत नेपोलीत लॅम्पार्ड, अ‍ॅशली कोल, एसियन तिघांना बेंचवर बसवून ३-१ हरले. मार्चमध्ये माणूस गेला. त्याचाच असिस्टंट डी मातेओ आला, तेच खेळाडू, एक नवा नाही. त्याने लाइन खाली आणली, म्हाताऱ्यांना त्यांच्या सवयीचं काम दिलं, नेपोलीला घरी ४-१ ने उलटवलं, आणि मे मध्ये म्युनिकला बायर्नच्याच मैदानात पेनल्टीवर चॅम्पियन्स लीग जिंकला. त्या फायनलला टेरी सस्पेंड होता, आणि डावीकडे पुढे खेळवला रायन बर्ट्रंड, मूळचा लेफ्ट-बॅक, चॅम्पियन्स लीगमधली त्याची पहिलीच मॅच. कागदावर वेडेपणा. पण काम एकच दिलं होतं, कोलच्या पुढे राहा आणि बायर्नच्या त्या बाजूला डबल कुंपण घाल. हे जमणारं काम होतं.

काही वेळा मात्र हट्टी माणूसच बरोबर निघतो, हेही सांगून टाकतो नाहीतर एकतर्फी होईल. २०१८-१९ मध्ये सारी चेल्सीचा कोच होता, मध्ये खेळणाऱ्या कांटेला त्याच्या जागेवरून उजवीकडे ढकललं आणि मध्ये जॉर्जिन्यो, लोक पेटले होते. बदल पण घड्याळ लावून तेच, कोव्हाचिच बाहेर बार्कली आत किंवा बार्कली बाहेर कोव्हाचिच आत. सिटीने ६-० धुतलं. तरी सीझनच्या शेवटी तिसरे आले आणि बाकूला आर्सेनलला ४-१ हरवून युरोपा लीग जिंकले. मग त्याला हट्टी म्हणायचं का चिकाटीचा?

माझं उत्तर स्पेनमधल्या त्या बिल्बाओच्या रात्रीत आहे. २१ मे २०२५, आपल्याकडे साडेबारा वाजून गेलेले, युरोपा लीगची फायनल, अमोरिमची युनायटेड आणि पोस्टेकोग्लूची टॉटनहॅम, लीगमध्ये शेवटी पंधरावे आणि सतरावे आलेले दोन संघ. पोस्टेकोग्लू म्हणजे हट्टाचा मेरुमणी. २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोन रेड कार्ड होऊन नऊ जण उरले तरी या माणसाने लाइन मधल्या रेषेवरून खाली आणली नव्हती, ४-१ हरला आणि म्हणाला आम्ही असेच आहोत. तोच माणूस फायनलला ४२ व्या मिनिटाला गोल झाल्यावर काय करतो, टीम खाली नेतो, बॉल देऊन टाकतो, शेवटी स्ट्रायकरच्या बाजूचा माणूस काढून पाचवा डिफेंडर आणतो, एक बॉल तर अगदी गोललाइनवरून हवेत उडी मारून काढला. १-० जिंकले. कुरूप मॅच होती, मी दोनदा डुलकी काढली, पण १७ वर्षांनी ट्रॉफी आली. दुसरीकडे अमोरिम त्याच आकड्यात, त्याच दोन माणसांच्या मध्यात, गार्नाचोला ७१ व्या मिनिटापर्यंत बेंचवर ठेवून माउंट खेळवतोय. बदल केले त्याने, पण ते खुर्चीतला माणूस उठवून त्याच खुर्चीत दुसरा बसवण्यासारखे. एकाने आपली पद्धत मोडली आणि कप घेतला. (पंधरा-सोळा दिवसांत त्यालाही काढलं ती गोष्ट वेगळी, या धंद्यात न्याय शोधू नका.)

म्हणून मी मॅच बघताना ६० व्या मिनिटाच्या आसपास हे बघतो की बदल झाल्यावर बाकीच्या नऊ जणांची कामं बदलली का. माणूस बदलला आणि काम तेच तर कोच थकव्याशी लढतोय. काम बदललं तर तो मॅचशी लढतोय. काकांना हे इतकं पटलं की त्यांनी सगळ्या सोंगट्या परत पहिल्यापासून मांडल्या.

मग विषय आपल्या देशावर आलाच. काका म्हणाले आपल्याला तर असा हट्टी पण मिळत नाही. मी म्हणलं नॅशनल टीमचा कोच म्हणजे पाहुण्यांचा स्वयंपाक दुसऱ्याच्या घरात करायचा, पोरं मिळतात काही दिवसांसाठी, आणि आपल्या बऱ्याच क्लबांत गोल मारायच्या जागेवर परदेशी खेळाडू, मग भारतीय स्ट्रायकर तयार होणार कुठे. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये रिटायर झाला आणि मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, त्याला परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं. तेव्हाचे कोच मानोलो मार्केझ एकाच वेळी गोव्याचा क्लब पण सांभाळत होते, आठ मॅचमध्ये एक जिंकले आणि गेले. खालिद जमील आले, तरी ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने २-१ हरवलं आणि २०२७ चा आशिया कप गेला. आणि निवडीचं म्हणाल तर २०२३ मध्ये इंडियन एक्सप्रेसने बातमी छापली होती की त्याआधीच्या एका कोचने २०२२ मध्ये अफगाणिस्तानच्या मॅचआधी खेळाडूंची यादी ज्योतिषाला पाठवून सल्ला घेतला.

"मॅचचं काय झालं?"

२-१ जिंकलो.

"म्हणजे पत्रिका जुळली," काका म्हणाले आणि जिलेबी उचलली.

त्याच संध्याकाळी युनायटेड लीड्सशी १-१. मॅचनंतर अमोरिम बोलला की मी इथे मॅनेजर व्हायला आलोय, नुसता कोच नाही. काकांना फोनवर याचा अर्थ सांगावा लागला. पूर्वी इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे सगळं, कोण विकत घ्यायचा, कोणाला किती पगार, कोण खेळणार. आता बहुतेक क्लबांत विकत घेणारी माणसं वेगळी, वर एक डायरेक्टर, आणि हेड कोचने मिळालेल्या सामानात भाजी करायची. ही व्यवस्था असेल तर तुमची चौकट तुम्ही बरोबर आणू शकता पण माणसं तुमच्या मनासारखी येतीलच असं नाही, मग एक तर चौकट वाकवा नाहीतर वरच्यांशी भांडा. तो दुसऱ्या रस्त्याने गेला. सोमवारी सकाळी, ५ तारखेला, त्याला काढलं. काकांचा फोन दुपारी आला, "तू काल दोन तास समजावत बसलास आणि त्यांनी एका दिवसात निकाल लावला."

संक्रांत झाल्यावरचा शनिवार, १७ जानेवारी. मँचेस्टर सिटीची मॅच, नवा कोच मायकल कॅरिक, नेमल्यानंतरची पहिलीच मॅच. मी काकांकडेच होतो, टेबलवर तिळाचे लाडू आणि कॅरमबोर्ड आधीच मांडलेला, जिरावण कोणीतरी पुसलं होतं. टीम आली. मागे चार. मध्ये कॅसेमिरोच्या बाजूला मेनू. ब्रुनो त्या दोघांच्या पुढे, म्हणजे समोरच्याचा तिसरा माणूस आला की त्याला धरायला तोच. काकांनी स्वतः एक पांढरी सोंगटी मागच्या रांगेतून उचलली आणि पुढे ठेवली, आणि पूर्ण पहिला हाफ टीव्ही कमी आणि बोर्ड जास्त बघितला. २-० जिंकले. नातू सोफ्यावर उड्या मारत होता, त्याला बोर्ड पाहिजे होता खेळायला.

काका सोंगट्या गोळा करता करता म्हणाले, "चांगला आहे हा. आता याचा हट्ट कधी सुरू होतो बघू."